नीटचा निकाल मनासारखा लागला नाही? पुन्हा परीक्षेला बसण्याआधी आणि बसताना काय करावे

निकालाचा दिवस आम्हा शिक्षकांना फोनवरूनच कळतो. ज्यांचे चांगले झाले त्यांचे फोन दुपारीच येतात. ज्यांचे झाले नाही त्यांचे रात्री उशिरा येतात, आणि बहुतेक वेळा मुलगा किंवा मुलगी बोलत नाही, अम्मी बोलते. "मॅडम, सकाळपासून काही खाल्लं नाही. खोलीचं दार लावून बसलीये. आता काय करायचं?"

हा लेख त्या अम्मीसाठी, अब्बूंसाठी आणि दाराआड बसलेल्या त्या लेकरासाठी आहे. नीट यूजी ही देशातली वैद्यकीय प्रवेशाची सर्वात मोठी परीक्षा. २०२५ मध्ये २२ लाखांहून जास्त विद्यार्थी तिला बसले. एवढ्या गर्दीत पहिल्याच वर्षी सरकारी एमबीबीएसची जागा न मिळणे ही काही जगावेगळी गोष्ट नाही. पण पुढचे वर्ष कसे वापरायचे, की वापरायचेच नाही, हा निर्णय डोके शांत ठेवून घ्यावा लागतो. त्यासाठी लागणारी माहिती इथे एकत्र दिली आहे.

पहिले आठ दिवस

पहिल्या आठवड्यात कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. कोचिंगची फी भरू नका, "बस झाला सायन्स" असेही म्हणू नका, आणि कुणा एजंटाला कागदपत्रे देऊ नका. मुलाला झोपू द्या, रडू द्या, दोस्तांना भेटू द्या.

घरच्यांनी दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. एक, तुलना. "खालाच्या मुलीचं झालं, तुझं का नाही?" या वाक्याने आजवर कुणाचे मार्क वाढलेले मी पाहिले नाहीत. दोन, खर्चाचा हिशेब. दोन वर्षांत किती पैसे गेले हे मुलाला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते. तोच बोजा त्याला आतून खात असतो.

पाहुण्यांना आणि मोहल्ल्यातल्या लोकांना काय सांगायचे ते घरात आधीच ठरवा. "निकाल आला आहे, पुढचं बघतोय, दुआ करा" एवढे पुरे आहे. मार्क सांगायचे की नाही हे मुलाला ठरवू द्या.

मूल जेवत नसेल, रात्र रात्र जागत असेल, "माझा काही उपयोग नाही" किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असे बोलत असेल तर ती नाटकं समजू नका. त्याला एकटे सोडू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येते. गरज वाटली तर डॉक्टरांना दाखवा. दुआ आणि इलाज एकमेकांच्या आड येत नाहीत.

निकाल नीट वाचायला शिका

बऱ्याच घरांत गडबड इथेच होते. स्कोअरकार्डवर तीन आकडे असतात: ७२० पैकी मार्क, पर्सेंटाइल आणि ऑल इंडिया रँक.

पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. ८० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या १०० पैकी साधारण ८० जण तुमच्या मागे आहेत. ८० टक्के मार्क मिळाले असा त्याचा अर्थ होत नाही.

स्कोअरकार्डवर 'क्वालिफाइड' लिहिलेले असले म्हणजे जागा मिळाली असे नाही. पात्र होण्यासाठी खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल आणि ओबीसी, एससी, एसटी गटांना ४० पर्सेंटाइल लागते. २०२५ मध्ये खुल्या गटाची ही पात्रता १४४ मार्कांवर आली होती. सरकारी एमबीबीएसचा शेवटचा प्रवेश याच्या कितीतरी वर बंद होतो. 'क्वालिफाइड' या एका शब्दाचा आधार घेऊन काही एजंट घरी येतात आणि "आपकी सीट पक्की" म्हणून ॲडव्हान्स मागतात. प्रवेश फक्त समुपदेशनातून होतात. १५ टक्के अखिल भारतीय कोट्याचे प्रवेश मेडिकल कौन्सेलिंग कमिटी करते आणि ८५ टक्के राज्य कोट्याचे आपला राज्य सीईटी कक्ष करतो. त्याच्या बाहेर पैसे देऊन जागा देणारा माणूस तुम्हाला फसवतोय, मग तो कितीही ओळखीचा असो.

एका वर्षाच्या मार्कांची तुलना दुसऱ्या वर्षाशी करू नका. २०२४ मध्ये अनेकांना पैकीच्या पैकी ७२० मिळाले होते. २०२५ चा पेपर, खास करून फिजिक्स, इतका अवघड होता की देशातला सर्वोच्च स्कोअर ६८६ राहिला. त्यामुळे चुलत भावाचे मागच्या वर्षीचे मार्क आणि तुमचे मार्क शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. तुलना करायचीच तर रँकची करा. मागच्या वर्षी तुमच्या प्रवर्गातला राज्य कोट्याचा शेवटचा प्रवेश कोणत्या रँकला झाला, त्या यादीत पाहा. मगच "किती कमी पडलं" ते कळेल.

निकालाआधी ओएमआर शीटची स्कॅन प्रत आणि तात्पुरती उत्तरसूची जाहीर होते. एखादे उत्तर चुकीचे वाटले तर प्रश्नामागे २०० रुपये भरून ठरलेल्या मुदतीत हरकत घेता येते. निकाल लागल्यावर फेरतपासणीची सोय नाही. म्हणून पुढच्या वेळी तेव्हाच लक्ष द्या. आणि ती ओएमआरची प्रत जपून ठेवा, पुढच्या तयारीत ती फार कामाची आहे.

पुन्हा बसायचं की नाही?

नियमांची अडचण नाही. वयाची १७ वर्षे प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण हवीत. वरच्या वयाची मर्यादा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये काढून टाकली आणि किती वेळा बसायचे यावरही बंधन नाही. तरीही प्रत्येकाने वर्ष द्यावेच असे मी म्हणणार नाही. पुढच्या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढा.

पहिला प्रश्न: मार्क कमी का पडले? अभ्यास पूर्णच झाला नव्हता, बारावी बोर्ड आणि नीट एकाच वेळी झेपले नाही, आजारपण आले, घरात काही दुःखद घडले, अशी कारणे असतील तर एक वर्ष खरोखर फरक पाडू शकते. दोन वर्षे मन लावून, नियमित टेस्ट देऊन, सगळा अभ्यास करूनही मार्क तिथेच राहिले असतील तर निव्वळ आणखी एका वर्षाने चित्र बदलेल असे गृहीत धरू नका. काय वेगळे करणार ते आधी सांगता आले पाहिजे.

दुसरा प्रश्न: ही इच्छा कुणाची? मुलाची, की अब्बूंच्या दुकानावर लागणाऱ्या पाटीची? मुलाला एकट्याला बसवून विचारा आणि उत्तर ऐकून घेण्याची तयारी ठेवा.

तिसरा प्रश्न: बारावीचे मार्क पात्रतेत बसतात का? फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि मागास प्रवर्गाला ४० टक्के लागतात. तिथेच कमी असतील तर राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. नीटला चांगले मार्क आणि बोर्डात अपात्र, अशी केस मी पाहिली आहे. त्या मुलाकडे बघवत नव्हते.

चौथा प्रश्न: वर्षभराचा खर्च कर्ज न काढता झेपणार आहे का? नसेल तर घरी राहून तयारी करण्याचा मार्ग आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

मुलींच्या बाबतीत थोडे वेगळे बोलावे लागते. मुलगा नापास झाला तर "एक साल और" म्हणतात. मुलगी कमी पडली तर त्याच आठवड्यात रिश्त्याची बोलणी सुरू होतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या दादीने सगळ्यांसमोर सांगितले, "तिला एक वर्ष द्या, निकाहला उशीर झाला तर मी जबाबदार." त्या मुलीला दुसऱ्या वर्षीही एमबीबीएस मिळाले नाही, बीयूएमएस मिळाले. आज ती स्वतःचा दवाखाना चालवते. वर्ष द्यायचे ठरवले असेल तर ते पूर्ण द्या. घरात पाहुण्यांची ये-जा, चहापाणी आणि धाकट्यांना सांभाळण्यात दिवस गेला तर ती तयारी नव्हे. मुलाला जशी खोली आणि वेळ देता तशीच मुलीला द्या.

मुलींच्या फीबाबत एक गोष्ट अनेक घरांना माहीत नसते. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा, मॅनेजमेंट कोट्यातला नसावा. "मुलीला शिकवायला पैसे कुठून आणायचे" हे म्हणण्याआधी ही योजना पाहून घ्या.

पेपरचा आराखडा आणि मार्कांचा हिशेब

सध्याच्या पद्धतीत १८० प्रश्न, १८० मिनिटे, ७२० मार्क. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकीला एक वजा, सोडून दिल्यास शून्य. २०२१ ते २०२४ या काळात २०० पैकी १८० सोडवायचे होते आणि २०२२ पासून वेळ ३ तास २० मिनिटे होता. २०२५ पासून तो पर्याय गेला. जुनी टेस्ट सिरीज विकत घेताना हे बघा, नाहीतर वर्षभर चुकीच्या वेळेचा सराव होईल. २०२४ पासून अभ्यासक्रमातून काही प्रकरणेही कमी झाली आहेत. भावाची जुनी पुस्तके वापरायला हरकत नाही, पण आधी चालू वर्षाचा अधिकृत अभ्यासक्रम काढून त्यावर खूण करा.

अर्धे मार्क, म्हणजे ३६०, एकट्या बायोलॉजीचे आहेत. पुन्हा बसणाऱ्या बहुतेक मुलांचा पहिला फायदा इथेच होतो, कारण बायोलॉजी एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या ओळी-ओळीतून येते. रँक मात्र बहुधा फिजिक्सवर ठरते, कारण तिथे बहुतेकांचे मार्क गळतात.

वजा मार्कांचे गणित समजून घ्या. चार पर्यायांपैकी काहीच माहीत नसताना ठोकलेले उत्तर सरासरीने पाव मार्क देते, म्हणजे जवळपास काहीच नाही. दोन पर्याय खात्रीने चुकीचे आहेत हे कळले आणि उरलेल्या दोनांतून एक निवडले तर सरासरीने दीड मार्क मिळतो. म्हणजे नियम सोपा आहे: काहीच कळत नसेल तर सोडा, दोन पर्याय कापता आले तर लिहा. बरोबर आणि चूक यांत पाच मार्कांचा फरक पडतो. येत असलेले वीस प्रश्न घाईत चुकले तर शंभर मार्क गेले.

चुकांची वही

नव्या अभ्यासाची सुरुवात नव्या पुस्तकापासून करू नका, जुन्या पेपरपासून करा. ओएमआरची प्रत, प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरसूची समोर घ्या. चुकलेला आणि सोडलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका रकान्यात टाका.

पहिला रकाना: हे मला येतच नव्हते. प्रकरण वाचलेच नव्हते किंवा कधी समजलेच नव्हते.

दुसरा रकाना: हे येत होते, पण आठवले नाही.

तिसरा रकाना: हे येत होते, आठवलेही, तरी चुकले. प्रश्नातला 'नाही' वाचला नाही, गणितात चिन्ह चुकले, एकक बदलले नाही, गोळा भलताच भरला.

तिन्हींचे औषध वेगळे आहे. पहिल्यासाठी शिकवणी हवी, दुसऱ्यासाठी उजळणी हवी, तिसऱ्यासाठी वेळ लावून सराव हवा. बरीच मुले तिन्हीसाठी एकच करतात: पहिल्या पानापासून पुन्हा लेक्चर ऐकतात. लेक्चर ऐकताना सगळे येते असे वाटते, कारण ते दुसऱ्यांदा ऐकलेले असते. परीक्षेत मात्र ऐकलेले ओळखायचे नसते, स्वतः आठवायचे असते.

म्हणून वाचून झाले की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने भरा. एकदा शिकलेले किती पटकन विसरते यावर हर्मन एबिंगहाऊस या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्येच प्रयोग छापले होते. विसरणे सुरुवातीलाच सर्वात वेगाने होते, म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने ठेवा. ज्यांनी हिफ्ज केले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. सबक रोज नवा असतो, पण मागचा दौर सुटला तर सगळेच सुटते.

वर्षाचे वेळापत्रक

जून-जुलै: चुकांची वही, समुपदेशन आणि निर्णय. अभ्यास दिवसाला चार-पाच तास पुरे.

ऑगस्ट ते नोव्हेंबर: पहिल्या रकान्यातली प्रकरणे. कच्चे विषय सकाळी घ्या. दर रविवारी दुपारी २ ते ५ एक टेस्ट, कारण खरी परीक्षाही त्याच वेळेत होते. दुपारी जेवून झोपायची सवय असेल तर मेंदू त्या वेळी झोपेतच असतो. ही सवय ऑगस्टमध्येच मोडा.

डिसेंबर-जानेवारी: पूर्ण अभ्यासक्रमाची पहिली उजळणी. मागच्या वर्षांचे पेपर वेळ लावून.

रमजान: सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो. नीटचे ऐन तयारीचे दिवस हेच असतात. इथे नियोजन नसेल तर महिना हातातून जातो. सहरीनंतर फजर पढून दोन-अडीच तास डोके सर्वात ताजे असते, तेव्हा फिजिक्सची गणिते करा. दुपारी जोहरनंतर थोडी झोप घ्या. असरनंतरच्या थकव्यात नवे काही शिकू नका, बायोलॉजीच्या आकृत्या आणि तक्ते पाहा. तरावीहनंतर तासभर उजळणी करून झोपा. रात्रभर जागून सहरीपर्यंत मोबाइल आणि दिवसभर झोप, ही पद्धत अभ्यासालाही वाईट आणि रोजालाही. इफ्तारीच्या तयारीचे काम फक्त परीक्षा देणाऱ्या मुलीवर टाकू नका, भावांनाही हात आहेत.

मार्च-एप्रिल: ईद झाल्यावर दर तिसऱ्या दिवशी पूर्ण पेपर. पेपर एक दिवस, त्याचे विश्लेषण दुसरा दिवस. विश्लेषण न केलेली टेस्ट म्हणजे तीन तास वाया.

भाषेचा प्रश्न

उर्दू माध्यमात दहावीपर्यंत शिकलेल्या मुलांचे एक वेगळेच नुकसान होते, आणि ते हुशारीशी संबंधित नसते. दहावीपर्यंत मूल 'ज़ियाई तालीफ' म्हणते, शेजारच्या मराठी शाळेत तेच 'प्रकाशसंश्लेषण' असते आणि अकरावीच्या वर्गात अचानक 'फोटोसिंथेसिस'. 'इसरा', 'त्वरण', 'ॲक्सिलरेशन' यांचेही तसेच. गोष्ट एकच, नावे तीन. अकरावीचे पहिले सहा महिने शब्द समजण्यात जातात आणि मूल स्वतःला मठ्ठ समजू लागते.

दुसऱ्या वर्षी हे भरून काढता येते. एक छोटी वही करा: डावीकडे इंग्रजी संज्ञा, मध्ये उर्दू किंवा मराठी, उजवीकडे आपल्या शब्दांत अर्थ. रोज दहा संज्ञा. तीन महिन्यांत नऊशे होतात.

नीटचा पेपर १३ भाषांत असतो, त्यात मराठीही आहे आणि २०१८ पासून उर्दूही. मराठी किंवा उर्दू निवडल्यास प्रश्नपत्रिका त्या भाषेत आणि इंग्रजीत अशी दुहेरी मिळते. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम मानतात. निवड भावनेने करू नका. एक जुना पेपर उर्दूत आणि एक इंग्रजीत सोडवून पाहा आणि वेळ मोजा. अकरावी-बारावी इंग्रजीत झालेल्या मुलाला कधी कधी उर्दू संज्ञाच अडखळवतात, तर काहींना एक नजर उर्दूवर टाकली की प्रश्न उलगडतो. जे तुमच्या घड्याळाला पटेल ते निवडा.

कोचिंग, की घरी?

लातूर, नांदेड, पुणे, कोटा, किंवा सीमेपलीकडे बिदर. आपल्याकडची मुले बहुधा इथे जातात. चांगल्या ठिकाणी शिस्त, टेस्ट आणि सोबत मिळते, हे खरे. पण जाण्याआधी ही चौकशी करा: रिपीटरची बॅच वेगळी आहे का? एका वर्गात किती मुले? टेस्टनंतर चुका कोण समजावतो? हॉस्टेलचे जेवण, मुलींची सुरक्षितता कशी? जाहिरातीतले फोटो पाहू नका, गेल्या वर्षी तिथे राहिलेल्या आणि निवड न झालेल्या मुलाशी बोला. तो खरे सांगेल.

फी एकदम भरू नका. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच कोर्स सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करायची असते. पावती आणि अटींचा कागद मागून घ्या.

घरी राहून करायचे असेल तर साधने मोफत आहेत. एनसीईआरटीची सगळी पुस्तके तिच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. आयआयटी कानपूर आणि शिक्षण मंत्रालयाचे साथी हे पोर्टल व्हिडिओ आणि टेस्ट मोफत देते. घरी नसते ती शिस्त. ती मोहल्ल्यातून उभी करता येते. मशिदीच्या वरचा रिकामा हॉल, अंजुमनची खोली किंवा शाळेचा वर्ग संध्याकाळी अभ्यासिकेसाठी मागून घ्या. चार-पाच मुले एकत्र बसली आणि रविवारी एकमेकांचे पेपर तपासले तरी पुष्कळ होते.

कागदपत्रांचे वर्ष

अभ्यास मुलाचा, कागदपत्रे अब्बूंची. हे वाटप आजच करून टाका. मार्क असूनही कागद नसल्याने जागा गेली, असे दरवर्षी घडते.

आपल्या समाजातील मोमीन, बागवान, कुरेशी, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. राज्य कोट्यातील आरक्षणासाठी जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेयर लागते. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या यादीतील नाव आणि केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र वेगळे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. अडचण अशी की आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात बऱ्याचदा नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मग चुलत आजोबा, आत्या, वडिलांकडचे इतर नातेवाईक यांच्या जुन्या नोंदी, महसुली कागद, आणि वडिलांकडच्या नात्यात कुणाला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत शोधावी लागते. याला महिने लागतात. जूनमध्ये सुरुवात केली तर पुढच्या जूनपर्यंत हातात येईल.

आरक्षणात न बसणाऱ्यांनी ईडब्ल्यूएसची पात्रता तपासावी. अधिवास आणि उत्पन्नाचे दाखले सगळ्यांनीच तयार ठेवावेत.

नावाचे स्पेलिंग ही आपली जुनी दुखणी. दहावीच्या मार्कशीटवर 'शेख', आधारवर 'शैख', कुठे 'मोहम्मद' तर कुठे नुसते 'एमडी'. दहावीची मार्कशीट आधार मानून बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या, आणि फॉर्म भरण्याआधीच.

परीक्षेच्या दिवशी हिजाब किंवा इतर पारंपरिक पोशाख घालून जाणाऱ्यांना तपासणीसाठी लवकर पोहोचायला सांगितलेले असते. माहितीपत्रकात आणि प्रवेशपत्रावर दिलेली वेळ वाचा आणि त्याच्याही आधी पोहोचा. मन शांत राहते.

दुसरा दरवाजा उघडा ठेवा

वर्ष देतानाच दुसरा मार्ग ठरवून ठेवा. याने जिद्द कमी होत नाही, भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की पेपर बरा जातो.

नीटच्याच गुणांवर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यक हे प्रवेश होतात. बीयूएमएस, म्हणजे युनानी, साठी दहावीला उर्दू, अरबी किंवा फारसी विषय असण्याची अट असते. म्हणजे जी उर्दू आपण "अडचण" समजत होतो ती इथे उपयोगी पडते. मालेगाव, मुंबई, पुणे, जळगाव, अक्कलकुवा इथे युनानी कॉलेजे आहेत. बी.फार्मसाठी एमएचटी-सीईटी आहे, बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी आहे. एमएचटी-सीईटीत वजा मार्क नाहीत, तेव्हा नीटची तयारी करणाऱ्याने पीसीबी गटातून ती द्यावीच. परदेशात एमबीबीएस करायचे तरी नीट पात्र असणे बंधनकारक आहे. "नीटशिवाय परदेशात डॉक्टर" म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

एखाद्या कोर्सला प्रवेश घेऊन सोबत तयारी करायची असेल तर जागा सोडण्याचे नियम आणि दंड आधी वाचा. कोणत्या फेरीनंतर जागा सोडली यावर बरेच अवलंबून असते.

आणि दुसऱ्यांदाही नाही झाले तर? हा प्रश्न जूनमध्येच घरात मोठ्याने विचारा आणि उत्तर लिहून ठेवा: "या वर्षी अमुक रँकच्या आत आलो नाही तर अमुक कोर्सला प्रवेश घेणार." कागदावर अम्मी, अब्बू आणि मुलाची सही. मग वर्षभर त्या विषयावर कुणी बोलायचे नाही. मुलाने अभ्यास करायचा, घरच्यांनी जेवण, झोप आणि कागदपत्रे बघायची. मेहनत आपल्या हातात आहे, नतीजा अल्लाहच्या हातात.

दाराआड बसलेल्या लेकराला शेवटी एवढेच सांगायचे आहे, बाळा, तीन तासांच्या पेपरने तुझे त्या दिवशीचे उत्तर तपासले, तुला नाही. बाहेर ये, जेवून घे. वही-पेन घेऊन उद्या बसू.